मुलगा होईपर्यंत

"आमच्याकडे मुलगा-मुलगी असा भेद कुणी करत नाही," हे ज्या घरांत ऐकायला मिळतं, त्यातल्या कित्येक घरांत तीन मुली आणि शेंडेफळ मुलगा असतो. मला यात भेद स्पष्ट दिसतो. पाळणा नेमका कुणानंतर थांबला, ते बघा. पहिले दोन मुलगे असतील तर ऑपरेशन लगेच होतं. दोन मुली असतील तर सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणतात, "अजून एक चान्स घे गं."

२०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत शेवटचं अपत्य कोण, हेच तपासलं होतं. निसर्गतः १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात. शेवटच्या अपत्यांत मुलग्यांचं प्रमाण त्याहून कितीतरी जास्त निघालं. मुलग्याची वाट बघताना झालेल्या, पंचविशीच्या आतल्या मुली २.१ कोटी असाव्यात, असा त्या पाहणीचा अंदाज होता.

यात कायदा कुठेच मोडत नाही, म्हणून कुणाला काही खुपतही नाही. भोगतात त्या मुली. त्या मोठ्या कुटुंबात वाढतात, तेवढ्याच पगारात भावंडं वाढत जातात. मुलगी अंगावर पीत असते आणि घरात पुढच्या बाळंतपणाची घाई सुरू होते, मग तिचं दूध लवकर तुटतं. आईचं शरीर सावरायला वेळच मिळत नाही.

कुटुंब लहान झालं की हे आपोआप संपेल, असं मलाही पटलं असतं. पण महाराष्ट्राचा प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला होता, आणि मुलगा हवा हा हट्ट तसाच असेल तर दोनच अपत्यांत तो पुरा करायला लोक सोनोग्राफीकडे वळतात. लिंगनिदानाविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ मध्येच कायदा केला. तरी २००१ ते २०११ या दहा वर्षांत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८९४ वरून ८०७ वर आल्या.

नुसत्या 'बेटी बचाओ'च्या भिंती रंगवून हे हलणार नाही. मुलगा लागतो तो जमिनीला आणि म्हातारपणाला. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क आहे, पण वाटणीच्या वेळी बहिणींपुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, येतंच. ज्या घरात ते येतं, तिथल्या सुनेकडे मुलगाच मागितला जाणार.

आमच्याकडे वाटणी होईल तेव्हा सातबाऱ्यावर माझ्या बहिणींची नावं लागतील. सगळ्या भावकीला टॅग करून लिहितोय.