मालकीचे रान राखायचे तर सापळे लावावेच लागतात

न्यूझीलंडच्या उत्तरेकडे, नॉर्थलँड भागात, आमच्या मालकीचा मूळ जंगलाचा एक लहानसा तुकडा आहे. त्यात आम्ही स्टोट (मुंगसासारखा लहान शिकारी प्राणी), उंदीर आणि पॉसम (झाडांवर राहणारा, मांजराएवढा प्राणी) यांच्यासाठी सापळे लावतो, हे मागे लिहिल्यापासून भारतातल्या अनेक मित्रमैत्रिणींनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे : जंगल राखायचे म्हणता आणि त्यातलेच प्राणी मारता, हे कसे? प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. या देशात ज्याच्या नावावर रान आहे त्याने सापळे लावले नाहीत, तर त्याने ते राखले असे मला म्हणता येत नाही, मग भोवतीचे कुंपण कितीही पक्के असो.

आपल्याकडच्या जंगलाचा हिशेब इथे लागू पडत नाही. वाघ-बिबट्यापासून रानमांजरापर्यंत शिकारी प्राण्यांच्या सोबतीनेच आपले हरीण, आपला ससा, आपला मोर घडत आले. न्यूझीलंडची भूमी सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी गोंडवना या प्राचीन महाखंडापासून सुटली, आणि माणूस इथे पोहोचला तेव्हा, किनाऱ्यावरचे सील वगळले तर, सस्तन प्राणी म्हणून फक्त वटवाघळे होती. पक्ष्यांना भीती होती ती वरून झडप घालणाऱ्या शिकारी पक्ष्यांची, त्यामुळे धोका जाणवताच जागच्या जागी निश्चल राहण्याची सवय त्यांच्या अंगात मुरली. वासावरून माग काढणाऱ्या प्राण्यापुढे या सवयीचा काहीच उपयोग होत नाही. किवी हा न उडणारा पक्षी तर जमिनीतल्या बिळात अंडे घालतो, आणि त्याच्या अंगाचा उग्र वास कुत्र्याला लांबूनही येतो.

हे शिकारी आपल्या पायांनी आलेले नाहीत. पॉसम १८३७ पासून ऑस्ट्रेलियातून आणले गेले, लोकरीसारख्या मऊ कातड्याच्या धंद्यासाठी. स्टोट, म्हणजे आपल्या मुंगसाहून सडपातळ आणि त्याहून चपळ असा प्राणी, १८८० च्या दशकात ब्रिटनमधून आणून सोडला, कारण गोऱ्या वसाहतवाल्यांनीच आणलेले ससे मेंढ्यांचा चारा फस्त करत होते. पक्ष्यांचा अभ्यास असलेल्यांनी त्या वेळीही विरोध केला होता. तो कुणी ऐकला नाही. मुंगसाचे नाव मी मुद्दाम घेतले. आपल्या बांधावर सापाशी झुंजणारे मुंगूस १८७२ मध्ये कलकत्त्याहून जमैकातल्या उसाच्या मळ्यांत उंदीर मारायला नेले, पुढे १८८३ मध्ये हवाईलाही पोहोचवले, आणि दोन्हीकडे त्याने जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची दाणादाण उडवली. दोष मुंगसाचा नाही आणि स्टोटचाही नाही. आणून सोडण्याचा निर्णय माणसांनी घेतला, तेव्हा निस्तरण्याचे कामही माणसांनाच करावे लागणार.

मालकीच्या रानाचा प्रश्न इथून सुरू होतो. १९७७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या क्वीन एलिझाबेथ द सेकंड नॅशनल ट्रस्टबरोबर जमीनमालक कायमस्वरूपी संरक्षण-करार करू शकतो, आणि तो करार पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक राहतो. असे सुमारे ५,००० करार देशभर आहेत, त्यांतले कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन केलेले. मला या व्यवस्थेबद्दल मनापासून आदर आहे. पण कराराने कुऱ्हाड थांबते, कुंपणाने गुरे थांबतात. उंदीर थांबत नाही. नॉर्थलँडमधल्या तराइरे या मोठ्या झाडाचे फळ सबंध गिळू शकेल असा एकच पक्षी आता इथे उरला आहे, तो म्हणजे केरेरू हे गलेलठ्ठ रानकबूतर. काटक्यांच्या इतक्या विरळ घरट्यात तो एकच अंडे घालतो, की कधीकधी खालून पाहिले तरी ते दिसावे. ते एक अंडे उंदराने किंवा पॉसमने खाल्ले की त्या घरट्यातला तो विणीचा प्रयत्न संपला. केरेरू गेला, तर तराइरेच्या बिया झाडाखालीच पडून राहतील, आणि कागदोपत्री सुरक्षित असलेले रान म्हाताऱ्या झाडांची नुसती गर्दी होऊन बसेल.

स्टोटची गोष्ट याहून कठीण आहे. त्याची मादी डोळेही उघडले नसताना, घरट्यातच, प्रौढ नराकडून फळते, आणि गर्भ पुढे कित्येक महिने वाढ न होता पोटात राहतो. म्हणजे सीमेवरून एकटी मादी आत आली, तरी पुढच्या हंगामातली आठ-दहा पिल्ले ती बरोबर घेऊनच आलेली असते. एका स्टोटचा वावर शंभराहून अधिक हेक्टरांत असू शकतो; आमच्या सात-बारासारख्या कागदावरची रेघ त्याला काय कळणार? जिथे काहीच बंदोबस्त नसतो, तिथे किवीच्या शंभर पिल्लांपैकी जेमतेम पाच मोठी होतात. साधारण एक किलो वजन भरेपर्यंत पिल्लू स्टोटपुढे हतबल असते. म्हणून एकट्या मालकाच्या सापळ्यांना मर्यादा आहे, आणि शेजारचे रान मोकळे राहिले तर आमचे कष्टही अर्धे वाया जातात. आमच्या एका बाजूच्या जमिनीचे मालक शहरात राहतात आणि आमच्या पत्रांना उत्तर देत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

मारण्याबद्दलही लपवाछपवी नको. आमचे सापळे लांबट लाकडी पेटीत असतात. तोंडाशी जाळी, आत आणखी एक जाळी, दोघींची भोके एकमेकींसमोर नसलेली, जेणेकरून किवीची चोच किंवा पाय आत जाऊ नये. मागच्या बाजूला कोंबडीचे अंडे आणि सशाच्या मांसाचा तुकडा. झाकणाचे स्क्रू काढल्यावर आत कधी पांढऱ्या पोटाचा, शेपटीला काळा गोंडा असलेला स्टोट पडलेला दिसतो. तो सुंदर प्राणी आहे आणि मला त्याची कणव येते. म्हणूनच प्राणी चटकन मरतो, अशी चाचणी झालेलेच सापळे आम्ही वापरतो आणि ते वेळच्या वेळी तपासतो. पेटी लावून महिनोन्‌महिने तिकडे न फिरकणे मला क्रूरपणाचे वाटते.

कुत्र्या-मांजरांबद्दल बोलले की मंडळी सर्वांत जास्त दुखावतात. १९८७ साली याच नॉर्थलँडमधल्या वाइतांगीच्या जंगलात एकट्या मोकाट कुत्र्याने काही आठवड्यांत सुमारे ५०० किवी मारल्याचा अंदाज आहे. रानमांजरे म्हणून फिरणाऱ्या, मुळात पाळीव मांजरांच्या वंशजांना ‘प्रेडेटर फ्री २०५०’ या, बाहेरून आणलेले भक्षक २०५० पर्यंत देशातून हटवण्याच्या मोहिमेच्या यादीत घालण्याचा निर्णय सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला, तो मला योग्य वाटतो. ही मोहीम २०१६ मध्ये जाहीर झाली होती. मात्र २०२५ मध्येच तिच्यासाठीची सरकारी कंपनी बंद करण्याचाही निर्णय झाला. यादी वाढवायची आणि हात आखडता घ्यायचा, हे जुळत नाही. कोकणात ज्यांची खासगी राने आहेत त्यांनी आपल्या गावच्या उकिरड्यावर पोसली जाणारी, भेकराच्या मागे लागणारी कुत्री आठवून पाहावीत. तिथले उपाय वेगळे असतील, पण मालकाची जबाबदारी तिथेही आहेच.

ऑकलंडच्या उत्तरेला रानासकट जमीन घेण्याच्या विचारात असलेली मराठी कुटुंबे हे वाचत असतील, तर त्यांना एक विनंती. व्यवहार करण्यापूर्वी शेजाऱ्यांची सापळ्यांची रांग तुमच्या हद्दीतून जाते का, आणि त्या भागात कुत्रा पाळण्यावर काय अटी आहेत, हे विचारून घ्या. जमीन घेतल्यावर मला जरूर कळवा. सापळा कसा ताणायचा आणि पेटी कुठे ठेवायची, ते मी येऊन दाखवीन.