'स्नो व्हाइट'च्या ११ वर्षं आधी

'डिस्नेचा स्नो व्हाइट (१९३७) हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. मल्टिप्लेनचा (चित्राचे थर वेगवेगळ्या काचांवर ठेवून खोली दाखवणाऱ्या यंत्राचा) शोधही त्यांचाच. जर्मन अ‍ॅनिमेशनकार लॉटे रायनिगर यांनी तर नुसते काळे कागद कापून सरकवले.' हा मजकूर सतत फिरत असतो. तिन्ही विधानं चूक आहेत आणि तिसरं तर अन्यायकारक आहे.

रायनिगर यांचा 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद' हा सुमारे ६५ मिनिटांचा चित्रपट मे १९२६ मध्ये बर्लिनला दाखवला गेला. काही चाहते उत्साहाच्या भरात त्यालाच जगातला पहिला ठरवतात, तेही बरोबर नाही. अर्जेंटिनात किरिनो क्रिस्तियानी यांनी १९१७ मध्येच 'एल अपोस्तोल' केला होता. त्याची प्रत मात्र उरलेली नाही. त्यामुळे आज पाहता येणाऱ्यांत सर्वांत जुना 'प्रिन्स अहमद'च. पूर्ण लांबीच्या सेल-अ‍ॅनिमेशनमधला (पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेल्या चित्रांच्या अ‍ॅनिमेशनमधला) पहिलेपणा 'स्नो व्हाइट'ला खुशाल द्यावा.

मल्टिप्लेनचं म्हणाल, तर बँकर लुई हागेन यांच्या पॉट्सडॅममधल्या गॅरेजवरच्या माळ्यावर रायनिगर आणि त्यांचे पती कार्ल कोख १९२३ पासून काचांचे थर लावून काम करत होते. डिस्नेचं यंत्र जास्त प्रगत होतं, हे मान्य. कल्पना मात्र जुनी होती.

आता 'नुसते कागद'. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा यांतून एकेक अवयव वेगळा कापायचा आणि सांधे तारेने जोडायचे. शिशाच्या वजनामुळे बाहुली काचेवर सपाट बसते, ठेवल्या जागी राहते. बाहुलीचा हात जरा उचलला गेला, तर खालून येणारा प्रकाश कडेखाली शिरतो आणि रेघ धूसर होते. कॅमेरा वरून खाली रोखलेला. एक चित्र टिपायचं, अवयव किंचित हलवायचा, पुन्हा टिपायचं. सेकंदाला २४ चित्रं धरली, तर मिनिटाला १,४४०. सरकवणं थोडं जास्त झालं की चालीत झटका येतो, आणि तो कळतो फिल्म धुऊन आल्यावरच. जवळच्या दृश्यांसाठी त्याच पात्राची मोठी बाहुली वेगळी कापावी लागते. काळ्या आकृतीला चेहऱ्यावरचे भाव नसतात, त्यामुळे सगळा अभिनय मानेच्या कलात आणि बोटांच्या टोकांत आणावा लागतो. हे कसब कात्रीचं आहेच, पण त्याहून अधिक नृत्यदिग्दर्शकाचं आहे.

'रायनिगर एकाच चित्रपटापुरत्या' असंही कुणी जोडतं. १९३५ चा 'पापागेनो' पाहावा, किंवा १९५० च्या दशकात लंडनमध्ये केलेल्या परीकथा. 'प्रिन्स अहमद' बघायचा असेल, तर १९९९ ची पुनरुज्जीवित प्रत शोधा: मूळ प्रसंगांना रंगछटा दिलेल्या होत्या, काळ्या-पांढऱ्या प्रतींत त्या दिसत नाहीत.