डायनॅमोतलं तेल आणि 'सील बदला' हा सल्ला: एका प्रतिक्रियेला उत्तर

एमजी मिजेट जे-२ या १९३० च्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या डायनॅमोत (वीज तयार करणाऱ्या यंत्रात) तेल का शिरतं, या माझ्या लेखावर एका वाचकांनी लिहिलं आहे: "वरचं ऑइल सील बदललं की काम संपलं. त्यासाठी एवढं पाल्हाळ? सगळं पुस्तकी. क्रँकशाफ्ट तुटतो त्याबद्दल अवाक्षर नाही, आणि सुट्या भागांच्या किमती तरी द्यायच्या."

लेख लांबला, हे मान्य. पण 'पुस्तकी' हा शब्द मी मुकाट्याने गिळणार नाही. या इंजिनांची हेडं (सिलिंडरवरची झाकणं) उतरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. मतभेद जरूर मांडा, पण समोरच्याला काही कळत नाही असं धरूनच सुरुवात करायची, ही कुठली रीत? टोपणनावाआडून बोलणाऱ्याने तर जरा जपूनच बोलावं.

आता तुमचं ते सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी. जे-२ चं ८४७ सीसी इंजिन १९२८ च्या मॉरिस मायनरसाठी वुल्सलीने केलेल्या इंजिनातून आलं. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडमध्ये, आणि त्याला चाल मिळते ती उभ्या डायनॅमोतून. क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकाला बेव्हल गिअर (फिरण्याची दिशा काटकोनात वळवणारं तिरप्या दातांचं चाक), त्यावर डायनॅमोचं आर्मेचर (आत फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) उभं, त्याच्या वर कपलिंग (जोड) आणि पुन्हा बेव्हल. म्हणजे तेलाने भरलेल्या हेडच्या बरोबर खाली डायनॅमो! वरून निसटलेला प्रत्येक थेंब शाफ्टवरून खाली आत उतरतो.

हे आर्मेचर वीज तयार करता करता कॅमशाफ्टचा भारही वाहतं. त्याच्या बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) आला की शाफ्ट डगमगतो, आणि डगमगत्या शाफ्टवर कोणतंही सील टिकत नाही. नवं घाला, थोड्याच दिवसांत तेही गळेल. हेडमधलं तेल खाली परतायची वाट गाळाने तुंबली असेल, तर वर तेल साचून सीलवर आणखी ताण येतो. म्हणून आधी डायल गेज लावून शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो किती डगमगतो ते, बघायचा, मग परतीची वाट साफ करायची, आणि सील शेवटी.

खोलण्याआधी पहिल्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला (सर्वांत वरच्या बिंदूला) आणून कपलिंगवर खुणा करा, नाहीतर व्हॉल्व्ह टायमिंग (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ) गेलंच. बेव्हलखालचे शिम (पातळ चकत्या) जसे निघतील तसेच परत बसवा. दात घट्ट बसले तर गिअर किंचाळतो, सैल बसले तर टायमिंग हलत राहतं.

तेलात भिजलेले ब्रश (वीज बाहेर नेणारे कार्बनचे तुकडे) धुऊन पुन्हा वापरू नका. कार्बन सच्छिद्र असतो, तेल सोडत नाही. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याच्या) खाचांत लगदा बसतो आणि पट्ट्या आपसात शॉर्ट होतात. कम्युटेटर बारीक काचकागदाने घासा. एमरी अजिबात नको, तिचे कण खाचांत रुततात. खाचांतला अभ्रक पट्ट्यांच्या पातळीखाली कोरून काढा.

क्रँकशाफ्टचं म्हणाल, तर तो दोनच मेन बेअरिंगवर फिरतो म्हणून तुटतो, आणि म्हणूनच १९३४ च्या पी-टाइपला तीन दिली गेली. माझा लेख डायनॅमोवर होता. किमतींवर मी लिहीत नाही.

पुढच्या वेळी सीलबद्दल लिहाल, तेव्हा रनआउट किती निघाला ते आकड्यात लिहा. आकडा असेल तर उत्तर देईन.