प्रशासकीय कारणास्तव

२०२५च्या अखेरीस आमच्या घरी रात्रीचं जेवण साडेसातला सुरू व्हायचं आणि डॅलसच्या बास्केटबॉल संघातल्या अँथनी डेव्हिसपाशी संपायचं. मधे आमटी, भात, एखादी पालेभाजी येऊन जायची, पण तिकडे कुणाचं लक्ष नसायचं. ‘डेव्हिसला ठेवायचं की द्यायचं?’ हा प्रश्न पहिल्या भाताला निघायचा आणि ताक संपलं तरी सुटायचा नाही. मी डॅलसच्या शेजारी आयर्विंगला राहतो. बास्केटबॉलमधलं मला एवढंच कळतं की चेंडू जाळीतून खाली पडला की आपण टाळ्या वाजवायच्या, आणि तोही आपल्या बाजूचा असेल तरच. बाकी सगळं घर तज्ज्ञ आहे.

सुरुवात झाली १ फेब्रुवारी २०२५ला. शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. चिरंजीवांच्या खोलीतून किंकाळी आली. टेक्सासात घरात विंचू निघतात, म्हणून मी चप्पल घेऊन धावलो. बघतो तर चौदा वर्षांचा पोरगा पलंगावर पुतळ्यासारखा बसलेला, हातात फोन. “बाबा, लुकाला दिला.”

लुका डॉन्चिच. वय २५. आदल्याच वर्षी डॅलस मॅव्हरिक्सला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेलेला. त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला देऊन टाकलं, आणि बदल्यात आले डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी नावाचा एक तरुण आणि २०२९ साली नवे खेळाडू निवडताना पहिल्या फेरीत एक निवडण्याचा हक्क. बातमी देणाऱ्या पत्रकाराचं खातं कुणीतरी हॅक केलं असणार, असं अर्ध्या अमेरिकेला वाटलं. चप्पल हातात धरून मी म्हणालो, “अरे, मग दुसरा कुणीतरी येईल ना.” त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, विंचू परवडला असता.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमबाहेर, संघाचा जुना नायक डर्क नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी लोकांनी फुलं वाहिली. कुणीतरी शवपेटीसुद्धा आणून ठेवली. आमच्याकडे तीन दिवस सुतक होतं. चौथ्या दिवशी पिझ्झा आला आणि सुतक फिटलं.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो, पण ऑक्टोबरात साताऱ्याहून आई-आबा सहा महिन्यांसाठी आले. आबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. तेही साध्यासुध्या टेबलावरून नाही, आस्थापना शाखेतून. म्हणजे कोण कुठे जाणार, कधी जाणार आणि का जाणार, हे ज्या टेबलावर टंकलिखित होतं, ते टेबल. चौतीस वर्षांत त्यांनी किती बदल्यांचे आदेश काढले याची गणती नाही. अमेरिकेत आल्यावर पहिले आठ दिवस त्यांना करमेना. नवव्या दिवशी नातवाच्या कपाटात, मागच्या बाजूला घडी करून ठेवलेला ७७ नंबरचा निळा सदरा त्यांना दिसला आणि त्यांनी चौकशी केली. नातवाने सगळी हकीकत सांगितली. आबांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, “घर बांधलं होतं का त्यानं?”

पोरगा चाट पडला. लुकाने खरंच बदलीच्या थोडंच आधी डॅलसमध्ये मोठं घर घेतलं होतं.

“मग बदली होणारच,” आबा म्हणाले. “क्वार्टर सोडून माणसानं स्वतःचा पाया खणला की आठवड्यात ऑर्डर येते. मी स्वतः टाईप केल्यात.”

त्या क्षणापासून आमच्या घरात माझी गरज संपली. आजवर जे मला इंग्रजीतून समजत नव्हतं, ते आबांना सरकारी मराठीतून चटाचट समजायला लागलं. लुका गेला तो ‘प्रशासकीय कारणास्तव’, कारण अर्ज त्याने केलाच नव्हता. डॅलसमध्ये राहिला असता तर पाच वर्षांचा सुमारे ३४.५ कोटी डॉलरचा करार त्याला मिळू शकत होता, तो हक्क बदलीबरोबर गेला, हे कळल्यावर आबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. “वेतनश्रेणीपण घालवली पोराची!” डेव्हिस डॅलससाठी पहिल्याच सामन्यात उत्तम खेळला आणि त्याच सामन्यात जायबंदी होऊन बाहेर बसला. “रुजू व्हायचं आणि वैद्यकीय रजा टाकायची. जुना प्रकार आहे.” पुढच्या मोसमात त्याची पोटरी दुखावली, तेव्हा आबांनी फक्त मान हलवली.

लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सच्या तेव्हाच्या करारात असं कलम होतं की त्याच्या संमतीशिवाय त्याची बदली करता येत नव्हती. “म्हणजे मंत्रालयात माणूस आहे.” त्याचा मुलगा ब्रॉनी २०२४मध्ये पंचावन्नाव्या क्रमांकावर निवडला गेला आणि बापाच्याच संघात आला, हे ऐकून मात्र आबा ताठ बसले. “अनुकंपा तत्त्वावर? बाप हयात असताना?”

आता एक गोष्ट कबूल करतो. या देशात खेळाडूंची अदलाबदल ही खरोखरच हिशेबाची भानगड आहे. खर्चाची मर्यादा ओलांडलेल्या संघाला वाटेल तो खेळाडू आणता येत नाही, जाणाऱ्या आणि येणाऱ्या पगारांचा मेळ बसावा लागतो. डेव्हिसचा पगार वर्षाला पाच कोटी डॉलरच्या वर. त्याच्या तोलाचं काही आणायचं तर समोरच्या संघातले तीन-चार जण गोळा करावे लागतात. हे तपासायला इंटरनेटवर यंत्र आहे. नावं टाकायची, कळ दाबायची, की ते होय किंवा नाही सांगतं. आजोबा-नातू रोज संध्याकाळी त्या यंत्रापुढे बसतात. बहुतेक वेळा नाही येतं. आबांना ते फार आवडतं. “प्रस्ताव त्रुटीसह परत,” असं ते समाधानाने म्हणतात. निवृत्तीनंतर एवढे खूश मी त्यांना पाहिलेलं नाही. माझ्या लग्नातही नाही.

नव्या पोरांची निवड त्यांना आधी पटत नव्हती. जो संघ जास्त हरतो, त्याला चांगला नवा खेळाडू मिळण्याची संधी जास्त. “म्हणजे नापासाला पहिला नंबर?” मग नातवाने सोडत समजावली. चौदा चेंडू, त्यातले चार काढायचे, त्यातून होणाऱ्या १,००१ जोडण्यांपैकी हजार संघांमध्ये वाटलेल्या. मे २०२५मध्ये डॅलसकडे त्या हजारांतल्या फक्त १८ होत्या, म्हणजे १.८ टक्के. आणि पहिला नंबर डॅलसलाच लागला! लुका घालवलेल्या गावाला कूपर फ्लॅग हा नवखा मिळाला. आबा बराच वेळ गप्प होते. “मी घरांच्या सोडतीत चार वेळा अर्ज भरला होता,” एवढंच ते शेवटी म्हणाले.

फ्लॅगला आबा ‘झेंडे’ म्हणतात. त्याच्या बरोबर ड्यूक विद्यापीठात खेळलेला आणि आता शार्लटकडून धडाधड तीन गुणांचे नेम मारणारा कॉन कनिपल, तो ‘कानपिळे’. दोघांत सरस कोण, यावर घरात उभी फूट आहे. बायको कानपिळेच्या बाजूची, कारण तो गुपचूप काम करतो. नातू अर्थातच झेंडेचा. फिलाडेल्फियाचा नवखा एजकुम पहिल्याच सामन्यात ३४ गुण करून गेला, त्याचं नाव मी एकदा काढलं. दोन्ही पक्षांनी मला अपक्ष म्हणून सोडून दिलं.

आबांनी मात्र तटस्थ राहून वही घातली आहे. दुरेघी, दोनशे पानी. नवीन खेळाडूंचे गोपनीय अहवाल. नमुना: ‘झेंडे, कूपर. वय १८. मूळ गाव न्यूपोर्ट, राज्य मेन. पद: पुढच्या फळीतील, तथापि सुरुवातीस प्रशिक्षक श्री. किड यांनी चेंडू नेण्याचे काम दिले, सबब मूळ कामावर परिणाम. वर्तणूक: चांगली. आरोग्य: चांगले. सचोटी: संशयास्पद असे काही आढळले नाही.’

नोव्हेंबरात आमच्याकडे सत्यनारायण होता. त्याच आठवड्यात, ११ तारखेला, लुकाला देणारे महाव्यवस्थापक निको हॅरिसन यांना संघाने काढलं होतं. त्यांना काढा म्हणून स्टेडियमवर महिनोन् महिने घोषणा चालल्या होत्या. साहजिकच पंधरा-वीस मराठी संगणक अभियंते सोवळं नेसून, हात जोडून, डेव्हिसला शिकागोला द्यावा की अटलांटाला यावर कुजबुजत होते. साधुवाण्याची नाव बुडाली तेव्हा एकजण हळूच म्हणाला, “पुढच्या वर्षांचे दोन हक्क तरी मिळायला हवेत.” गुरुजींनी पोथीवरून मान वर केली. मला वाटलं रागावणार. ते म्हणाले, “पायाने अधू आहे, दोन कोण देईल?”

मग १५ डिसेंबर आला. सोमवार. डॅलसचा सामना सॉल्ट लेक सिटीत, युटाशी. जेवणं आटोपून सगळे टीव्हीपुढे. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात, काम करण्याच्या निमित्ताने. फ्लॅग त्या रात्री सुटला होता. तीस झाले, पस्तीस झाले. अठराव्या वर्षी या लीगमध्ये एका सामन्यात चाळीस गुण तोवर कुणी केले नव्हते, ते त्याने ओलांडले. नातू सोफ्यावर उभा, आबा काठी आपटत, बायको कानपिळेला विसरून ओरडतेय. मीसुद्धा ओरडलो. जाळीतून पडतोय कळलं की मला पुरतं. बेचाळीस! सामना जादा वेळात गेला आणि डॅलस १४०-१३३ असं हरलं.

मग वाद पेटला. झेंडेला चेंडू जास्त दिला की कमी, दोष प्रशिक्षकाचा की जायबंदींचा, आणि अर्थात डेव्हिसला द्यायचं की ठेवायचं. रात्रीचे साडेअकरा झाले तरी थांबेना. सकाळी आठला माझी मीटिंग.

आई इतका वेळ कडेला मेथी निवडत होती. ऑक्टोबरपासून या विषयावर ती अवाक्षर बोलली नव्हती. तिने चष्म्यावरून टीव्हीकडे पाहिलं. तिथे फ्लॅग घामाघूम होऊन कुणाच्या तरी प्रश्नांना उत्तरं देत होता.

“यानं एकट्यानं बेचाळीस केले?”

“हो आजी!”

“आणि तरी हरले?”

“हो.”

“मग बाकीचे काय करत होते?”

कुणीच बोललं नाही. आबांनी सावकाश वही उघडली, झेंडेचं पान उलटून नवं पान काढलं आणि वर मथळा लिहिला: ‘कारणे दाखवा नोटीस (सामूहिक)’. मग पेन थांबवून नातवाला विचारलं, “एकूण किती जणांना काढायची?”