ॲटर्नी जनरल आणि फॉरवर्डमधली अर्धी गोष्ट

सोसायटीच्या, शाळेच्या आणि नातेवाइकांच्या अशा तिन्ही ग्रुपवर मला एकच मजकूर आला. सार असं: 'अमेरिकेत प्रत्येक राज्याचा ॲटर्नी जनरल (राज्याचा सर्वात वरचा सरकारी वकील) जनता निवडते. तो गव्हर्नरला जुमानत नाही, पक्षाचा नसतो, बड्या धेंडांना तुरुंगात धाडतो. आपला महाधिवक्ता मात्र सरकारचा नोकर. आपणही तो निवडूनच द्यायला हवा.'

'प्रत्येक राज्यात' हे चूक. ५० पैकी ४३ राज्यांत लोक मत देतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंगमध्ये गव्हर्नर (तिथला मुख्यमंत्रीच समजा) नेमणूक करतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं, आणि टेनेसीत चक्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय, तेही आठ वर्षांसाठी.

'तुरुंगात धाडतो' हा घोळ बहुधा ट्रम्प यांच्या खटल्यांवरून झालाय. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी २०२२ मध्ये त्यांच्यावर दाखल केला तो दिवाणी दावा होता. ३४ आरोपांत दोषी ठरवणारा फौजदारी खटला मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नीचा, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारी वकिलाचा. तोही निवडून आलेला, पण पद वेगळं. बहुतेक राज्यांत रोजचे फौजदारी खटले असे स्थानिक सरकारी वकीलच चालवतात. टेक्साससारख्या राज्यातही तिथल्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२१ मध्ये बजावलं की, निवडणूक गुन्ह्यांचे खटले ॲटर्नी जनरलला परस्पर चालवता येणार नाहीत.

'गव्हर्नरला जुमानत नाही' हे मात्र खरं, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सापडली नाही अशी झकास गोष्ट त्यामागे आहे. १९९४ मध्ये मिसिसिपीचे ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी तंबाखू कंपन्यांवर दावा ठोकला: सिगारेटमुळे आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारावर राज्याने केलेला खर्च भरून द्या. गव्हर्नर कर्क फोर्डिस या दाव्याच्या विरोधात होते. दावा थांबवण्यासाठी ते स्वतः न्यायालयात गेले, पण त्यांची डाळ शिजली नाही. १९९७ मध्ये मिसिसिपीने कंपन्यांशी तडजोड केली आणि पुढच्या वर्षी ४६ राज्यांनी मिळून २५ वर्षांत सुमारे २०,६०० कोटी डॉलर देण्याचा करार कंपन्यांकडून करून घेतला. मूर यांची नेमणूक फोर्डिस यांच्या हातात असती, तर हा दावा उभाच राहिला नसता.

पण गव्हर्नरपासून मोकळा म्हणजे पक्षापासून मोकळा, ही उडी फॉरवर्डची. बहुतेक ठिकाणी उमेदवार पक्षाच्या नावावरच उभा राहतो. रिपब्लिकन ॲटर्नी जनरलांची संघटना १९९९ मध्ये निघाली, डेमोक्रॅटिक २००२ मध्ये. ग्रेग ॲबट टेक्सासचे ॲटर्नी जनरल असताना आपल्या कामाचं वर्णन गमतीने करत: ऑफिसात जायचं, केंद्र सरकारवर दावा ठोकायचा, घरी यायचं. केंद्रात तेव्हा डेमोक्रॅट ओबामा होते, आणि ॲबट रिपब्लिकन. २०१५ मध्ये ॲबट गव्हर्नर झाले. विस्कॉन्सिनमध्ये २०१८ ला पद डेमोक्रॅट उमेदवाराकडे जातंय म्हटल्यावर रिपब्लिकन विधिमंडळाने तो रुजू होण्याआधीच त्या पदाचे अधिकार छाटले. पक्ष नसता तर हा आटापिटा कशाला?

राहिला आपला महाधिवक्ता. घटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल त्याला नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो. प्रत्यक्षात ही मर्जी मंत्रिमंडळाची. म्हणूनच सरकार बदललं की बहुधा महाधिवक्ताही बदलतो. इथवर फॉरवर्डची तक्रार रास्त. पण त्याचं काम मुख्यतः सरकारला कायद्याचा सल्ला देणं आणि सरकारची बाजू मांडणं. सत्र न्यायालयातले खटले चालवणारे सरकारी वकील निराळे, आणि ग्राहकांच्या वतीने कंपन्यांना कोर्टात खेचणं हे त्याचं रोजचं काम नाही. काम तेच ठेवून नुसती निवडणूक लावली, तर पक्षकार (म्हणजे सरकार) एका पक्षाचा आणि वकील दुसऱ्या पक्षाचा, असं होऊ शकतं. एरवी वकिलाशी पटलं नाही तर पक्षकार वकालतनामा काढून घेतो. इथे निवडून आलेल्या वकिलाला सरकार पाच वर्षं हटवणार कसं?