विमान भंगारात गेलं तरी नोंद चालूच?

विमानांच्या सरकारी नोंदींमध्ये बंद पडलेली जुनी मॉडेल्स वर्षानुवर्षं तशीच पडून असतात आणि हा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, काढून टाका ना सगळी, कशाला ठेवायची. मला हे अजिबात पटत नाही. पण आहे तसंच चालू दे हेही पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मुळात नोंदी दोन प्रकारच्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे मॉडेल्सची यादी. आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, ही यादी ठेवते आणि प्रत्येक मॉडेलला जास्तीत जास्त चार अक्षर-आकड्यांचा कोड देते. बोइंग ७३७-८०० चा बी७३८, नंतर आलेल्या मॅक्स ८ चा बी३८एम. फ्लाइट प्लॅनच्या, म्हणजे उड्डाणाआधी द्यायच्या माहितीच्या फॉर्मच्या, नवव्या रकान्यात हाच कोड भरतात, त्यावरून हवाई वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलरला कळतं की विमान किती जड आहे, त्याच्या मागे हवेत किती भोवरे राहतील, पाठीमागच्या विमानाला किती लांब ठेवायचं. कोड चुकला तर हे सगळंच चुकतं.

आता काँकॉर्ड हे आवाजापेक्षा वेगाने जाणारं प्रवासी विमान घ्या. कोड सीओएनसी, शेवटचं उड्डाण २६ नोव्हेंबर २००३ ला, परत कधी उडणार नाही हे नक्की. मग कोड पुसायचा का? माझं म्हणणं, मुळीच नाही. जुने फ्लाइट प्लॅन, रडारचं रेकॉर्ड, २००० साली पॅरिसला झालेल्या काँकॉर्डच्या अपघातासारखे तपास, हे सगळं पुढेही कोणीतरी वाचणार आहे, आणि तोच कोड उद्या दुसऱ्या विमानाला दिला तर जुना डेटा चक्क खोटं बोलायला लागेल. त्यात जुनं म्हणजे बंद असंही नसतं हो! डीसी-३ पहिल्यांदा उडालं १९३५ मध्ये आणि त्यातली काही अजून उडतायत. बी-२९ बॉम्बर अमेरिकेत दोन उडत्या अवस्थेत आहेत. वय बघून यादी साफ करायला बसलात तर चालू विमानाचाच कोड जाईल, मग त्या पायलटने रकान्यात झेडझेडझेडझेड, म्हणजे यादीत कोड नाही, असं लिहून मॉडेलचं नाव खाली अठराव्या रकान्यात भरत बसायचं.

मला हवंय ते एवढंच, की अशा कोडसमोर स्पष्ट लिहा, हे मॉडेल आता सेवेत नाही, अमुक सालापासून. आणि फ्लाइट प्लॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये असं मॉडेल निवडलं तर निदान एकदा विचारू दे, नक्की हेच ना? हे करायला काही मोठी यंत्रणा लागत नाही.

दुसरी नोंद प्रत्येक विमानाची, नंबर, मालक, पत्ता वगैरे. इथे मात्र मी अजिबात दयामाया दाखवणार नाही. अमेरिकेत पूर्वी रजिस्ट्रेशनला मुदतच नव्हती, विमान विकलं, मोडलं, मालक वारला, कोणी कळवलं नाही तर नोंद तशीच राहायची. २०१० मध्ये तिथल्या एफएएनेच, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानेच, सांगितलं की सुमारे ३,५७,००० नोंदींपैकी जवळजवळ एक तृतीयांश चुकीच्या आहेत. एक तृतीयांश! मग सगळ्यांना नव्याने रजिस्टर करायला लावलं आणि तीन वर्षांची मुदत घातली, जी २०२३ पासून सात वर्षं झालीये. मालकांची कटकट कमी झाली हे मान्य, पण मला हे पाऊल मागे गेल्यासारखं वाटतं. कारण एखाद्या मॉडेलमध्ये दोष सापडला की दुरुस्तीची सक्तीची सूचना याच रजिस्टरमधल्या पत्त्यावर जाते, विमान बेपत्ता झालं तर मालकाला शोधायची सुरुवातही इथूनच होते. सात वर्षांत माणूस किती घरं बदलतो, विमान किती हातांतून जातं.

मॉडेलचा कोड कायम ठेवा, पण विमानाची नोंद दर तीन वर्षांनी तपासा, आणि विमान मोडीत काढणाऱ्यांनाही ते कळवायची सक्ती करा, फक्त मालकाच्या भरवशावर राहू नका.