बॅटरीइतकाच गोंदही दोषी
स्मार्टवॉच दोन-तीन वर्षांत का बाद होतात, यावरच्या लेखात लेखकाने सारे खापर बॅटरीवर फोडले आहे. मला ते अर्धेच पटते. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज केल्यावर क्षीण होणारच. खरी अडचण तिच्यापर्यंत पोहोचण्याची आहे. बहुतेक घड्याळांची काच गोंदाने चिकटवलेली असते; ती गरम करून पातळ पात्याने उचकटताना डिस्प्लेची नाजूक केबल तुटण्याची धास्ती असते, आणि पुन्हा बसवल्यावर आत पाणी शिरणार नाही याची हमी सहसा कोणी देत नाही. पाणी रोखण्यासाठी गोंद अपरिहार्य आहे, ही सबब तर मुळीच टिकत नाही, कारण पाण्याखाली डुबकी मारणाऱ्यांची घड्याळे कित्येक दशके रबरी गॅस्केटवरच (फट बंद करणाऱ्या रबरी कड्यांवरच) चालत आली आहेत आणि २०२५च्या पिक्सेल वॉच ४ मध्ये गूगलनेही स्क्रू काढून स्क्रीन व बॅटरी बदलण्याची सोय केली आहे (उशिरा का होईना).

सॉफ्टवेअरचा मुद्दा मात्र लेखात आलाच नाही. पेबल या कंपनीची स्मार्टवॉच ठणठणीत असतानाच, तिचा कारभार फिटबिट या दुसऱ्या कंपनीकडे गेल्यावर, २०१८ च्या जूनअखेर त्यांच्या ऑनलाइन सेवा बंद झाल्या. हौशी वापरकर्त्यांच्या ‘रेबल’ने पर्यायी सेवा उभारली म्हणून त्यांतली बरीच तगली. अपडेट आणि सर्व्हर किती वर्षे मिळतील, हे खोक्यावर छापणे बंधनकारक का नसावे?